823 वर्षांचा योग? आधी 7 नं भागून बघा

"ऑगस्ट 2025 मध्ये पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार! 823 वर्षांतून एकदाच येणारा योग. अंबाबाईची कृपा, याच महिन्यात सोनं घ्या. अकरा जणांना पाठवा, नाही पाठवला तर घरात दारिद्र्य." हा मेसेज आमच्या काकूंना आला आणि त्या ठेव मोडून गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनेबाजारात, निघाल्या. आता गप्प बसणं शक्य नाही.

वार सातच. त्यामुळे तारखेला 7 नं भागून उरते ती बाकी बघायची. 1, 8, 15, 22, 29 : सगळ्यांची बाकी 1, म्हणून पाचही तारखांना एकच वार. अशा संख्यांना समशेष म्हणतात. जर्मन गणिती गाउसनं 1801 मध्ये त्यासाठी ≡ ही खूण वापरली. आता 31 ला भागा, बाकी 3. म्हणजे 31 दिवसांच्या कुठल्याही महिन्यात पहिले तीन वार पाच-पाचदा येणारच. महिना शुक्रवारी सुरू झाला की झालं! डिसेंबर 2023 तसाच होता, मार्च 2024 तसाच, ऑगस्ट 2025 नंतरचा मे 2026. भिंतीवरचं कॅलेंडर उलटायचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नाहीत.

823 तर होऊच शकत नाही. 1582 पासूनच्या ग्रेगरी कॅलेंडरात दर 400 वर्षांत 97 लीप वर्षं, एकूण 1,46,097 दिवस. 7 नं भागा : 20,871, बाकी शून्य. 400 वर्षांनी सगळे वार जिथल्या तिथं येतात, मग 823 वर्षं वाट कोण बघतंय?

सोन्याचं वाचून मात्र डोकं फिरतं. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कमी होतं, ते कोण भरून देणार? वर दारिद्र्याची धमकी, तीही देवीच्या नावानं. देवीचा शुक्रवार दर आठवड्याला येतो, त्याला मुहूर्त कसला लावता?

शेपटीला जोडलंय, "2025 चं कॅलेंडर 1941 सारखंच, म्हणून महायुद्ध." कॅलेंडर जुळतं, एवढं खरं. 365 ची बाकी 1, म्हणून दर वर्षी वार एकानं सरकतो, लीप वर्षामुळे आणखी एकानं. 2014 ते 2025 : 11 वर्षं, 3 लीप दिवस, बेरीज 14, बाकी शून्य. म्हणजे 2014 चंही जुळतं. आणि 1947 चंही! त्या वर्षीही 15 ऑगस्टला शुक्रवारच होता. मग 1941 च का निवडलं?