खुलासा: अमेरिकेत बंदुकीबद्दल ऑनलाइन लिहायला बंदी नाही

‘अमेरिकेत बंदुकीबद्दल ऑनलाइन लिहिलं तर निर्यात कायद्याखाली तुरुंग’ हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. जून 2015 मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने मसुदा काढला होता: शस्त्रांची तांत्रिक माहिती जाहीर करण्याआधी परवानगी घ्या. मतं, शिकारीचे अनुभव, बंदुकीचं साधं वर्णन त्यात नव्हतंच.

खरा वाद फाइलींचा. 2013 मध्ये टेक्सासच्या डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड या संस्थेने ‘लिबरेटर’ या प्लास्टिक पिस्तुलाच्या थ्रीडी प्रिंटच्या फाइली इंटरनेटवर टाकल्या. त्या परदेशातही उतरवता येतात, म्हणजे ती निर्यातच, असं म्हणत परराष्ट्र खात्याने त्या काढायला लावल्या. फाइल म्हणजे अभिव्यक्ती की हत्यार? हा प्रश्न गंभीर आहे आणि अशा मेसेजमुळे तोच झाकला जातो, याचं वाईट वाटतं. 2021 पासून अशा फाइलींचा विषय बहुतांशी वाणिज्य खात्याकडे आहे. थेट प्रिंटरला देता येणारी फाइल इंटरनेटवर टाकली, तर निर्यात नियम आजही लागू होतात.