तलावपाळीच्या चित्राला मिळालेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला, काल सकाळी पुन्हा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगते. वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी तुम्ही आमच्याकडून ठाण्याच्या तलावपाळीचं, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाचं, 3 बाय 3 इंचांचं अॅक्रिलिक चित्र करून घेतलंत. गुरुवारी देते म्हणून कबूल केलेलं चित्र तुमच्या हातात पडलं शनिवारी रात्री, आणि वाढदिवस रविवारी. उघडलं तर रंगावर बबल रॅपचे गोल गोल ठसे. पाणी फोटोपेक्षा काळपट, मळकट. होडीच्या जागी "नुसता पांढरा ठिपका". आणि "काडेपेटीएवढ्या" चित्राचे 1500 रुपये. शेवटी तुम्ही लिहिलंय, "बाबा 1970 पासून ठाण्यात आहेत, रोजची संध्याकाळ तलावपाळीवर गेली, आणि त्यांनीच विचारलं, हे कुठलं गं?"

बाकीच्या तक्रारींवर मला लगेच काहीतरी सांगता आलं असतं. या शेवटच्या वाक्यावर आला नाही एक शब्दही. म्हणून उत्तराला एक दिवस लागला.

आधी ठशांचं, कारण त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. अॅक्रिलिक अर्ध्या तासात हाताला लागेनासा होतो, त्यामुळे तो वाळलाच असं वाटतं. पण थर आतून घट्ट व्हायला कितीतरी दिवस जातात, पावसाळी दमट हवेत आणखी जास्त. हा रंग म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिकच. उकाड्यात मऊ पडतो, आणि वर काही दाबून बसलं की त्याचा छाप धरून ठेवतो. म्हणून आमची पद्धत अशी की चित्र आधी बटर पेपरमध्ये, मग पुठ्ठ्याच्या खोलगट खोक्यात, म्हणजे रंगाच्या बाजूवर कशाचाही दाब येत नाही, आणि बबल रॅप त्या खोक्याच्या बाहेरून. तुमच्या चित्राला वार्निशचा हात मी शुक्रवारी सकाळी दिला आणि संध्याकाळी घाईघाईत ते थेट बबल रॅपमध्ये गुंडाळलं. पॅकिंग एरवी माझी मावसबहीण करते, ती त्या दिवशी नव्हती. म्हणजे ज्या चुकीबद्दल मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावते, तीच मी स्वतः केली, आणि तीही एका पंचाहत्तरीच्या भेटीवर. याबद्दल मी मनापासून माफी मागते.

घाई का झाली, तर पाण्यामुळे. मासुंद्याचं पाणी निळं नाही. ते शेवाळी हिरवं आहे, ढगाळ दिवशी राखाडीकडे झुकतं, आणि संध्याकाळी दिवे लागले की त्यात पिवळ्या रेघा उतरतात. तुमच्या फोटोत ही दिवे लागायची वेळ होती. थॅलो ग्रीन, यलो ऑकर आणि चिमूटभर बर्न्ट सिएना असं मिश्रण मी केलं आणि ओलं असतानाच फोटोशी जुळवलं. इथे माझं चुकलं. अॅक्रिलिकमध्ये रंगाची पूड ज्या द्रवात कालवलेली असते, तो द्रव ओला असताना दुधासारखा पांढरट असतो आणि वाळला की पारदर्शक होतो. पांढरटपणा गेला की खालचा रंग उघडा पडतो आणि गडद दिसतो. फिक्या पिवळ्यात हा फरक जाणवतही नाही, पण गडद हिरव्यात चांगलाच जाणवतो. एरवी मी कॅनव्हासच्या उरलेल्या पट्टीवर तो रंग लावते, पूर्ण वाळू देते आणि मगच फोटोशेजारी धरते. या वेळी ती पट्टी केली नाही. बुधवारी पाणी वाळून काळं पडलं, म्हणून पुन्हा रंगवलं. त्यातच गुरुवार गेला.

मळकटपणाचं कारण मात्र वेगळं आहे. शोकेसमध्ये ठेवलं की ट्यूबलाइटची चमक येऊ नये म्हणून मी मॅट वार्निश वापरलं. मॅट वार्निशमध्ये चमक मारण्यासाठी बारीक पूड घातलेली असते, आणि गडद रंगावर तिची राखेसारखी झाक येते. येऊरच्या हिरव्यागार जंगलाच्या चित्रांवर ती कधी खटकली नव्हती. संध्याकाळच्या पाण्यावर खटकणारच, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तिथे ग्लॉस किंवा साटिनच हवं.

आता दोन गोष्टींत मला माझी बाजू मांडायची आहे.

एक होडी. ती ठिपकाच आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला ठिपका आहे. तीन इंचांत पूर्ण तलाव बसवायचा तर होडी येते चार मिलिमीटरची आणि त्यातला माणूस एक मिलिमीटरचा. मी आधी तीन शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक टोकाच्या ब्रशने होडीची कड, आतली फळी, बसलेली दोन माणसं असं सगळं काढलं होतं. काढून झाल्यावर लांबून पाहिलं तर होडी छान दिसत होती, पण तलाव परातीएवढा झाला होता. डोळा होडीवर जाऊन बसायचा आणि पाणी पसरायचंच नाही. म्हणून ते पुसून एकच फटकारा ठेवला, खाली सावलीची एक गडद रेघ. चित्र हातात घेऊन नाकाशी धरलं तर तो ठिपका आहे हे खरंच. हातभर लांब धरून पाहिलंत तर होडी दिसेल असं मला वाटतं. तरीही नाही दिसली, तर माझा फटकारा कमी पडला.

दुसरं किमतीचं. छोटं चित्र म्हणजे मोठ्या चित्राची कमी मेहनतीची आवृत्ती नव्हे. तुमच्या चित्राला, पाणी दुसऱ्यांदा रंगवायचे तास सोडून, नऊ तास लागले. मोठ्या कॅनव्हासवर चुकलेली रेघ शेजारच्या रंगात मिसळून जाते. इथे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की खिडकीचं दार होतं. तेव्हा 1500 रुपये जास्त आहेत हे मी मान्य करणार नाही. पण आकाराबद्दल तुमची फसगत झाली, ती मी मान्य करते. आमच्या पानावरचे फोटो अगदी जवळून घेतलेले आहेत. इंचाचा आकडा खाली लिहिलेला असला तरी डोळ्यांना ते चित्र वहीएवढं वाटतं. आजपासून प्रत्येक चित्राशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायला सुरुवात केली आहे. जुने फोटोही या आठवड्यात बदलते.

आणि आता तुमच्या बाबांचा प्रश्न.

काल संध्याकाळी मी तलावपाळीवर जाऊन आले. पुठ्ठ्यात तीन इंचांची चौकोनी खिडकी कापलेली माझ्या पिशवीत कायम असते, तिच्यातून चित्राची चौकट ठरते. तुम्ही पाठवलेला फोटो जिथून काढला असावा, साधारण तिथे उभी राहून मी ती डोळ्यांसमोर धरली. चौकटीत सगळ्यात आधी काय येतं? काठावरचं नाट्यगृह, गडकरी रंगायतन. माझ्या चित्रात त्याने जवळजवळ तिसरा हिस्सा जागा घेतली आहे. तलावपाळीचं चित्र हवं म्हणणारी दहातली आठ माणसं रंगायतन हवंच म्हणतात. कुणाचं पहिलं नाटक तिथलं असतं, कुणाची नाटक सुरू व्हायच्या आधीची भेट तिथल्या पायऱ्यांवरची. त्यामुळे मी ते न विचारता घातलं. हात त्या सवयीचाच झालाय.

पण रंगायतन उभं राहिलं 1978 साली. तुमचे बाबा ठाण्यात आले 1970 साली, म्हणजे विशीत. नवीन शहर, बहुधा नवीन नोकरी, आणि संध्याकाळी जाऊन बसायला हा तलाव. ती पहिली आठ वर्षं त्यांनी जे पाहिलं त्यात ही इमारतच नव्हती. मी तिथे उभी राहून अंगठा पुढे धरला आणि रंगायतन झाकून पाहिलं. चौकटीत उरलं पाणी, मधलं शंकराचं छोटं देऊळ, काठावरची झाडं आणि बरंच आभाळ. दिवे कमी आहेत अशी कल्पना केली, काठावरच्या गाड्या वजा केल्या. तो तलाव मी कधी पाहिलेला नाही. माझा जन्मच नंतरचा. पण बाबांनी "हे कुठलं गं" का विचारलं असेल, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं असं वाटतं. हा माझा अंदाज आहे, खरं काय ते तेच सांगतील.

ऑर्डर देताना तुम्ही फोनवर मला एकच गोष्ट सांगितली होती, "बाबांना बघून बरं वाटेल असं काढा." मी हो म्हणाले आणि तुम्ही पाठवलेला यंदाचा फोटो समोर ठेवून कामाला लागले. बाबा कुठे बसायचे? कोपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला की पलीकडे? एकटे की मित्रांबरोबर? हे मी विचारायला हवं होतं. तीन इंचांच्या चित्रात नव्वद टक्के गोष्टी वगळाव्याच लागतात. काय वगळायचं हे ज्याची आठवण आहे त्याने ठरवायचं असतं, आणि तुमच्या बाबतीत ते मी परस्पर ठरवून टाकलं. ठशांपेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतंय. बबल रॅपचे ठसे नसते, रंग हुबेहूब जुळला असता, चित्र गुरुवारी पोचलं असतं, तरी बाबांनी तोच प्रश्न विचारला असता.

आमच्या ऑर्डरच्या कागदावर आता जागेच्या नावाखाली दोन ओळी वाढवल्या आहेत: कुठल्या वर्षांची जागा, आणि तिथे कोण असायचं. काल एका काकूंनी कळव्याच्या खाडीपुलाचं चित्र सांगितलं, त्यांना हा प्रश्न विचारला. फोन वीस मिनिटं चालला. त्यांना पूल नकोच होता खरं तर, पुलावरून दिसणारी भरती हवी होती.

तुमच्यासाठी मी हे करू इच्छिते. 1500 रुपये आज दुपारीच तुमच्या खात्यावर परत केले आहेत, त्याला कसलीही अट नाही. जुनं चित्र परत पाठवू नका, ठेवायचं तर ठेवा, नको तर नको. आणि तुमची व बाबांची हरकत नसेल तर मला ते चित्र नव्याने काढायचं आहे, पैसे न घेता. या वेळी फोटोवरून नाही. बाबांना बरं असेल त्या दिवशी मी तलावपाळीवर येते. ते जिथे बसायचे तिथे बसू, ते बोलतील तसं मी पेन्सिलने कच्चं काढेन, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय रंग उघडणार नाही. त्यांना चालणं जमत नसेल तर घरी येईन. त्या काळातला एखादा काळा-पांढरा फोटो घरात असेल तर तो काढून ठेवा, मागे नुसती झाडाची फांदी दिसत असली तरी तिचा उपयोग होईल.

रंग लागल्यावर किमान दोन आठवडे चित्र माझ्याकडेच राहील, उघडं, पंख्याखाली. त्यानंतर मी स्वतः आणून देईन.

तुम्ही स्टार बदलावेत म्हणून हे लिहिलेलं नाही, ते तसेच राहू द्या. मी चरईतच असते, सकाळी अकरानंतर कधीही फोन करा. बाबांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा आणि माझा नमस्कार सांगा.