‘खरा डेटा लपवतात’ म्हणे! आधी लोणारचं पाणी बघून या

परवा घरच्या ग्रुपवर मामांनी एक लांबलचक मजकूर टाकला. वर दुहेरी बाणाची खूण होती, म्हणजे तो आधीच पन्नास ग्रुपांचं पाणी पिऊन आलेला. शीर्षक लाल अक्षरांत: ‘नासा-इस्रोचं सत्य, जे तुम्हाला कुणी सांगणार नाही!’ मजकुराचा सारांश असा: अवकाश संस्था खरा डेटा कुणालाच दाखवत नाहीत. जे फोटो बाहेर येतात ते संगणकावर रंगवलेले असतात. पृथ्वीचे फोटो मुद्दाम अस्पष्ट करून देतात. डेटा मिळाला तरी तो उघडायला सुपरकॉम्प्युटर लागतो. इस्रो तर जनतेला काहीच देत नाही. आणि शेवटी, भूकंप कधी होणार हे त्यांना आधीच कळतं. सगळ्यात खाली ‘विश्वास नसेल तर स्वतः तपासून बघा.’

मामा, हा शेवटचा सल्ला मी मनावर घेतला. मी शाळेत भूगोल शिकवतो, आमच्या गावाहून लोणार तासाभरावर, आणि माझ्याकडे आठ वर्षांचा जुना लॅपटॉप आहे. एवढ्या भांडवलावर जे तपासता आलं ते लिहितो.

‘खरा डेटा कुणालाच दाखवत नाहीत’

७ सप्टेंबर २०१९ ची पहाट आठवा. आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो आणि चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरता उतरता संपर्काबाहेर गेला. त्यानंतर चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लुनार रिकनिसन्स ऑर्बिटर यानाने १७ सप्टेंबरला त्या भागावरून जाताना फोटो घेतले आणि २६ तारखेला ते सर्वांसाठी खुले केले. नासाच्या लोकांनाही तेव्हा त्यात विक्रम सापडला नव्हता. चेन्नईचे षण्मुग सुब्रमण्यन हे पेशाने अभियंते, कुठल्याही अवकाश संस्थेत नोकरीला नसलेले. त्यांनी ते फोटो उतरवून घेतले, त्याच जागेच्या जुन्या फोटोंशेजारी ठेवले आणि इंच-इंच ताडून पाहिले. आधी नसलेला एक पांढरा ठिपका नव्या फोटोत दिसला. त्यांनी नासाला कळवलं. नासाने आणखी फोटो घेऊन खात्री केली आणि २ डिसेंबर २०१९ ला जाहीर केलं की हा विक्रमचाच अवशेष आहे. मुख्य आघाताच्या जागेपासून सुमारे ७५० मीटर वायव्येला. श्रेय सुब्रमण्यन यांना नावानिशी दिलं.

लपवायचंच असतं तर ज्या फोटोत स्वतःला काही सापडलं नाही तो फोटो जगापुढे टाकला असता का?

आणि हा एखाद-दुसरा अपवाद नव्हे. सोहो नावाची सूर्यवेधी दुर्बीण १९९५ पासून अवकाशात आहे. तिच्या फोटोंमधून ५,००० हून जास्त धूमकेतू सापडले, आणि त्यांतले बहुतेक हौशी लोकांनी घरी बसून शोधलेत. गाया उपग्रहाची २०२२ ची यादी घ्या. जवळपास १८० कोटी ताऱ्यांची, ज्या दिवशी प्रसिद्ध झाली त्या दिवशी शास्त्रज्ञांना आणि तुम्हाला एकाच वेळी खुली.

फॉरवर्डवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे पूर्वीपासून असं नव्हतं. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीचे फोटो घेताहेत, पण एकेकाळी लँडसॅट ७ च्या एका दृश्याला ६०० डॉलर मोजावे लागत. माझ्यासारख्याने नावही काढू नये. २००८ मध्ये अमेरिकेने धोरण बदललं आणि सगळा साठा फुकट झाला. हा मजकूर तेव्हा कुणी लिहिला असता तर निम्मं तरी मान्य केलं असतं. त्याने उशीर केला.

काही डेटा आजही लगेच मिळत नाही, हेही खरं. जेम्स वेब दुर्बिणीची बरीचशी निरीक्षणं पहिलं वर्षभर ती मागणाऱ्या शास्त्रज्ञांकडेच राहतात. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी टिपलेल्या निरीक्षणांवर पहिले १८ महिने निरीक्षकाचा हक्क असतो. ज्याने प्रस्ताव लिहून वेळ मिळवली त्याला आधी वापरू द्यायचं, मग सगळ्यांना. नांगरलं त्याने पहिली कणसं खावीत, इतकी साधी गोष्ट आहे ती. आणि ही मुदत नियमात छापलेली आहे, कुणाच्या तिजोरीत नाही.

‘फोटो रंगवलेले असतात’

हो, असतात. इथे मी मामांच्या बाजूने आहे, पण पुढे ऐका.

दुर्बिणीतला कॅमेरा रंगीत फोटो काढतच नाही. एका वेळी ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारी एक गाळणी (फिल्टर) लावून तो कृष्णधवल फोटो काढतो आणि मग तीन-चार गाळण्यांचे फोटो एकेक रंग देऊन एकावर एक ठेवतात. हबलने १९९५ मध्ये टिपलेले ते प्रसिद्ध वायूचे खांब आठवत असतील. त्यात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिलाय. का? कारण गंधक आणि हायड्रोजन दोन्हींचा तो प्रकाश मुळात लालच. डोळ्याला दिसतं तसं ठेवलं असतं तर कुठे काय आहे ते कळलंच नसतं. आपण नकाशात समुद्रसपाटीचा भाग हिरवा आणि डोंगर तपकिरी रंगवतो, तेव्हा सह्याद्री चॉकलेटचा आहे असा दावा करत नाही. वेबचा प्रकाश तर अवरक्त, तो डोळ्याला दिसतच नाही. सर्वांत लांब लहरीला लाल, आखूडला निळा, या क्रमाने रंग देतात.

गंमत म्हणजे गुरूचे जे देखणे फोटो तुम्ही स्टेटसला लावता त्यातले बरेच नासाने रंगवलेलेच नाहीत. जूनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय. त्यावरच्या जूनोकॅमचे कच्चे फोटो नासा संकेतस्थळावर टाकून देते आणि सांगते, घ्या, करा काय करायचं ते. जगभरचे हौशी लोक त्यावर बसतात. कच्चा फोटो बघितलात तर ओळखणार नाही, नुसत्या पट्ट्या-पट्ट्या. मी एकदा प्रयत्न केला होता. माझा गुरू करपलेल्या भाकरीसारखा निघाला.

रंगाची खरी लबाडी कुठे होते तेही याच ग्रुपवर आहे, मामा. दर दिवाळीला ‘अवकाशातून दिवाळीच्या रात्रीचा भारत’ म्हणून लाल-निळा-हिरवा झगमगता फोटो येतो ना? तो दिवाळीचा नाही. अमेरिकेच्या नोआ संस्थेतल्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वर्षांचा रात्रीच्या दिव्यांचा डेटा एकत्र करून तो केला होता. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, मग १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. शहरं कशी पसरली ते दाखवणारा नकाशा होता तो. कुणीतरी रंगांची सूची कापली आणि खाली ‘शुभ दीपावली’ लिहिलं. नासाने २०१२ साली १२ नोव्हेंबरच्या रात्रीचा खरा फोटो प्रसिद्ध करून सांगितलं, की दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जेमतेमही जाणवत नाही. तो फोटो कुणी फॉरवर्ड केला नाही. फारच साधा होता.

‘मुद्दाम अस्पष्ट करून देतात’

हा मुद्दा ऐकून मला मामांचा थोडा पुळकाच आला, कारण पहिल्यांदा सेंटिनेल या युरोपच्या उपग्रहाचा मोफत फोटो उघडला तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं. गुगलवर आमच्या घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते आणि इथे गाव म्हणजे राखाडी डाग!

फोटो छोट्या चौकोनी ठिपक्यांचा बनतो, आणि फरक त्या चौकोनाच्या मापाचा आहे. सेंटिनेल-२ चा सर्वांत बारीक चौकोन १० मीटरचा आणि लँडसॅटच्या रंगीत फोटोंचा ३० मीटरचा. तुमचं घर दहा मीटर रुंद असेल तर तिथे घर म्हणजे एक ठिपका. गुगलवरचे बारीक फोटो खासगी कंपन्यांकडून विकत घेतलेले असतात, आणि ते अनेकदा वर्ष-दोन वर्षं जुने. ‘लाइव्ह’ तर मुळीच नाही. फुकटातले फोटो भरड, पण दोन सेंटिनेल मिळून दर पाच दिवसांनी ताजे येतात. पीक कधी उगवलं, तलाव कधी आटला, हे टाकीच्या फोटोवरून नाही कळणार.

आपल्याकडे एक मर्यादा खरंच आहे. २०२३ च्या भारतीय अवकाश धोरणानुसार सरकारी उपग्रहांचा ५ मीटर किंवा त्याहून भरड डेटा मोफत आणि खुला. त्याहून बारीक हवा असेल तर वेगळे नियम. यावर भांडायचं असेल तर मी येतो, पण ते धोरण छापून सगळ्यांसमोर ठेवलंय. उलट बघा, चांद्रयान-२ चा कॅमेरा चंद्रावरची सुमारे ३० सेंटिमीटरची वस्तूही टिपतो आणि ते फोटो फुकट मिळतात. म्हणजे चंद्रावरचा दगड मला माझ्या बांधावरच्या दगडापेक्षा स्वच्छ बघता येतो!

‘उघडायला सुपरकॉम्प्युटर लागतो’

आता लोणार. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा निम्म्या जिल्ह्याने फोटो काढले आणि उरलेल्या निम्म्याने ते खोटे ठरवले. लँडसॅट ८ त्यावरून २५ मे आणि १० जूनला गेला होता. त्याची फेरी १६ दिवसांची. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेचं लँडसॅटलुक नावाचं पान ब्राउझरमध्ये उघडा, नकाशात लोणारवर जा, या दोन तारखा निवडा. काही उतरवून घ्यायची गरज नाही. एका तारखेला हिरवट पाणी, दुसरीला गुलाबी. सरोवर सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद, म्हणजे फोटोत आडवे चाळीसेक ठिपके. तेवढ्यात रंग कळतो. रंग का बदलला ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधलं. पाणी घटून क्षार वाढले आणि खारटपणात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले.

नववीच्या मुलांना हे दाखवलं तेव्हा एकाने विचारलं, पाऊस पडल्यावर काय झालं? मग आम्ही पुढच्या तारखा काढत बसलो आणि पावसाळ्यातले निम्मे फोटो ढगांनी भरलेले निघाले. इथे खरी अडचण कळते. ढगांतून बघायचं तर रडार लागतं. सेंटिनेल-१ चं रडार ढग भेदतं, म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना पुराचा पसारा रडारच्या फोटोंतून काढता आला. तेही मोफत. पण रडारचा फोटो वाचणं म्हणजे पहिलीतल्या मुलाने मोडी वाचणं. त्यात मी अजून कच्चा आहे.

जड फायली आहेत, नाही असं नाही. सेंटिनेल-२ चा एक पूर्ण तुकडा जीबीच्या घरात जातो. गावाकडच्या नेटवर तो रात्री लावून झोपायचं. नको असेल तर सेंटिनेलच्या फोटोंच्या ‘कोपर्निकस ब्राउझर’ या संकेतस्थळावर तिथल्या तिथे बघता येतं, आणि उतरवलेला नकाशा उघडायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पंखा जरा ओरडतो.

‘इस्रो जनतेला काहीच देत नाही’

चांद्रयान-२, मंगळयान, अॅस्ट्रोसॅट आणि आदित्य-एल१ यांचा डेटा बंगळूरजवळच्या ब्यालालूतल्या केंद्राच्या ‘प्रदान’ पोर्टलवर आहे. चांद्रयान-३ चा डेटा २३ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, खुला झाला. पृथ्वीच्या फोटोंसाठी ‘भूनिधी’ आणि २००९ पासून ‘भुवन’. नोंदणी करावी लागते आणि पोर्टल वापरायला सोपी नाहीत, यावर मी तासभर बोलू शकतो. पण ‘काहीच देत नाही’ म्हणणारा तिथे एकदाही गेलेला नाही.

हवामान खातं इस्रोचं नाही, पण मामा त्यालाही त्याच माळेत ओवतात म्हणून सांगतो. पुण्याच्या शिवाजीनगरच्या कार्यालयाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या जाळीत मांडून मोफत ठेवलाय. एक चौकोन सुमारे २७ किलोमीटरचा. त्यात तुमच्या शेतातला पाऊस शोधू नका, तालुक्याचा शोधा.

‘भूकंप आधीच कळतो’

कळत नाही. कुणालाच नाही. झाल्यावर मात्र काही मिनिटांत भूकंपांच्या खुल्या यादीत नोंद होते आणि जगाच्या नकाशावर ठिपका उमटतो, आणि त्याच यादीत मागे गेलात तर ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीही सापडेल.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोन दिवस शांतता. मग मामांचा फोन आला. फॉरवर्डचा विषयच नाही.

“माझ्या विहिरीचं पाणी दिसेल का रे त्यात?”

“नाही मामा. विहीर दहा मीटरच्या आत. पण तुमच्या गावचा पाझर तलाव दिसेल.”

“कुठल्या सालापासून?”

“बारीक म्हटलं तर २०१५. भरड चालत असेल तर त्याच्याही आधीपासून.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “दरवर्षीचा मे महिन्याचा काढून ठेव. ग्रामसभेला नेतो.”