छाप, मास्क आणि हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तीस वर्षं नारायण पेठेत स्क्रीन प्रिंटिंग केलंय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणते. बारशाच्या नावाचा टॅग, म्हणजे नाव घातलेलं छोटं सजवलेलं चित्र, कॉम्प्युटरवर कसं करायचं ते मी लिहिलं होतं. त्यावरचं तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मास्क (चित्राचा कुठला भाग दिसायचा आणि कुठला झाकायचा ते ठरवणारं काळं-पांढरं झाकण) तयार, ब्रश तयार, फिल्टर तयार, चित्रसुद्धा दुसऱ्याचं, मग करणाऱ्याचा हात यात कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत. ‘छाप मारून काढलेली रांगोळी ती रांगोळी नव्हे,’ हे तुमचं वाक्य. शिवाय मी दिलेल्या पायऱ्यांनी तुम्ही नातीच्या नावाचा टॅग करायला घेतलात, तर चित्रच गायब झालं, नावाची शिरोरेषा तुटली आणि छापून आणल्यावर कडेला पांढरी किनार दिसली.

चित्र गायब झालं तिथूनच सुरुवात करते, कारण त्यात तुमची चूक नाही. तुमचा हात तीस वर्षं ज्या सवयीने चालला, तिच्या बरोबर उलटं इथे चालतं, आणि ते मी लिहायला हवं होतं.

स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या ताणलेल्या जाळीवर, तुम्ही इमल्शनचा लेप लावता, वर पॉझिटिव्ह, म्हणजे नक्षी काळ्यात असलेली पारदर्शक फिल्म, ठेवता आणि एक्स्पोज करता, म्हणजे उजेड देता. उजेड पडतो तिथलं इमल्शन कडक होतं. पॉझिटिव्हवरचं काळं उजेड अडवतं, त्याखालचं इमल्शन मऊ राहतं आणि धुतल्यावर निघून जातं. शाई उतरते ती तिथूनच. म्हणजे तुमच्या कामात काळं ते छापलं जातं. लेअर मास्कमध्ये, म्हणजे चित्राच्या एका थराला जोडलेल्या मास्कमध्ये, पांढरं ते दिसतं आणि काळं ते झाकलं जातं. तुम्ही फुलाचा आकार काळ्याने भरलात, त्यामुळे फूल झाकलं गेलं आणि बाजूचा भाग उरला. तो भाग आधीच पारदर्शक असल्याने पडद्यावर काहीच राहिलं नाही. मास्कवर क्लिक करा आणि रंग उलटे करा. गिंप या चित्रं करायच्या मोफत प्रोग्राममध्ये ‘कलर्स’खाली ‘इन्व्हर्ट’ आहे, फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि आय. चित्र परत येईल. ते पुसलं गेलेलं नव्हतं, झाकलेलं होतं. खोडरबरापेक्षा मास्क मला जवळचा वाटतो तो यासाठीच. खोडरबराने गेलेलं गेलं. मास्कमधली पाकळी सहा महिन्यांनीही परत आणता येते.

आणखी एक फरक आहे. तुमच्या स्क्रीनला छिद्र तरी असतं किंवा नसतं, करडी छटा हवी तर हाफटोनचे ठिपके पाडावे लागतात. मास्कमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात. मधल्या करड्याने रंगवलंत तर चित्र साधारण अर्धं दिसतं. मोगऱ्याच्या गजऱ्याची कड कागदात विरत गेल्यासारखी दिसते, ती या मधल्या पायऱ्यांमुळे.

आता हाताबद्दल. माझ्या त्या लेखापुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फाटक्या कागदाच्या कडेचा तयार मास्क मी उतरवून घेतला आणि जसाच्या तसा लावला. तसाच मास्क लावलेले टॅग सगळीकडे दिसतात, कारण कड सगळ्यांची एकच असते. पण छापाची रांगोळी रांगोळीच नव्हे, हे मात्र मला पटत नाही. तुळशीबागेत मिळणारा जाळीचा छाप आणि तुमची स्क्रीन यांचं तत्त्व एकच आहे: कुठे अडवायचं आणि कुठून पडू द्यायचं. ते ज्याने ठरवलं, हात त्याचा. प्लॅस्टिकच्या छापात तो छाप कापणाऱ्याचा असतो, तुमच्या स्क्रीनमध्ये तुमचा. तेव्हा मास्क स्वतः केला, तर त्यात हात आपला आला.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी तेच करून पाहिलं. आईला अंगणात गेरू सारवून रांगोळी काढायला सांगितली. चिमूट अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरून ती रेघ सोडते, तेव्हा सुरुवात जाड होते आणि टोकाला चिमूट आवळली की रेघ केसाएवढी बारीक होत संपते. कोयरीच्या शेपटीला तिने दोनदा हात फिरवला, तिथे रांगोळी थोडी उंच साचली. सकाळी सावलीत, फोन बरोबर वर आडवा धरून फोटो काढला. ऊन असतं तर रांगोळीच्या कणांच्या सावल्या आल्या असत्या आणि तिरका धरला असता तर ठिपके लांबट झाले असते.

गेरूवरची पांढरी रांगोळी म्हणजे जवळजवळ तयार मास्कच असतो. फोटोतला रंग काढून टाकला की गेरू गडद करडा होतो. मग ‘लेव्हल्स’मध्ये, म्हणजे गडद-उजळ ठरवायच्या खिडकीत, काळ्या बाजूची खूण आत ओढायची, गेरू पूर्ण काळा होईपर्यंत, आणि पांढऱ्या बाजूची थोडीशीच. इथे घाई केली तर सगळं बिघडतं. पांढरी खूण जास्त ओढली की कडेचे करडे कण पांढरे होतात आणि रेघ प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी दिसायला लागते. मी ती कणांचा भुरभुरीतपणा टिकेल इथपर्यंतच आणली. मग पैठणीच्या पदराच्या फोटोवर लेअर मास्क जोडला, मास्कवर क्लिक करून रांगोळी पेस्ट केली आणि अँकर केली, म्हणजे मास्कवर पक्की बसवली. पैठणीचा जांभळा आणि जर आता आईच्या रेघेतून दिसते. शेपटीला दोनदा हात फिरला होता तिथे रंग भरदार आहे, टोकाला विरळ. या मास्कमध्ये हात कुणाचा, हे मला शोधावं लागलं नाही.

ब्रशचं तसंच. डिजिटल ब्रश सलग रेघ ओढत नाही, एकच शिक्का जवळजवळ उमटवत जातो. शिक्क्यांमधलं अंतर त्यांच्या रुंदीच्या दहा टक्क्यांवर ठेवलं तर रेघ सलग दिसते, शंभरच्या वर नेलं की शिक्के सुटे होतात आणि ठिपक्यांची ओळ मिळते. आईच्या रांगोळीतली एक कोयरी कापून मी तिचा ब्रश केला, अंतर एकशे वीस ठेवलं आणि टॅगची किनार भरली. प्रत्येक कोयरी थोडी फिरेल आणि थोडी लहानमोठी होईल असं ठेवायला विसरू नका. एकाच मापाच्या कोयऱ्या ओळीने आल्या की छापील साडीचा काठ दिसतो.

फिल्टरबद्दल तुम्ही लिहिलंत की बटण दाबलं की मशीन सगळं करतं. इथे मला तुमच्याशी ठामपणे असहमत व्हायचंय, कारण यातले कितीतरी फिल्टर डार्करूममधल्या, म्हणजे फिल्मवरचे फोटो काढायच्या अंधाऱ्या खोलीतल्या, हातांतून आले आहेत. चित्र धारदार करणाऱ्या फिल्टरचं नाव ‘अनशार्प मास्क’ का, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. धारदार करायचं आणि नाव मात्र धूसर मास्क. पूर्वी निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत काढायचे, ती निगेटिव्हला चिकटवून दोन्हींतून एकत्र प्रिंट घ्यायचे, आणि त्यामुळे कडा उठून दिसायच्या. कॉम्प्युटर हेच गणिताने करतो. चित्राची धूसर प्रत काढतो, मूळ चित्रातून वजा करतो आणि उरलेला कडांचा फरक मूळ चित्रात वाढवून घालतो. डॉज आणि बर्न ही हत्यारंही तशीच. प्रिंट काढताना एखादा भाग उजळ ठेवायचा तर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरायची, गडद करायचा तर मुठीच्या पोकळीतून तेवढ्यावरच जास्त उजेड सोडायचा. फोटोशॉपमधली त्यांची चित्रं नीट पाहा, एकात काडीवरची चकती आहे, दुसऱ्यात हात आहे.

बटण दाबणं सोपं आहे हे खरं. पण किती, हा निर्णय करणाऱ्याचाच. सावलीचं उदाहरण घ्या. ठरलेल्या आकड्यांवर सोडली तर सावली काळी आणि जड पडते, अक्षरं कागदापासून हातभर वर तरंगतात. मी ती तीन पिक्सेल खाली, तीन उजवीकडे, आठ पिक्सेल धूसर आणि चाळीस टक्के ठेवते. रंग काळा न घेता पार्श्वभूमीचाच गडद करून घेते, गेरूवर असेल तर चॉकलेटी. फोटोत उजेड डावीकडून येत असेल आणि सावलीही डावीकडेच पडत असेल, तर डोळ्याला काहीतरी चुकल्याचं लगेच जाणवतं.

दुसऱ्याच्या चित्राचा मुद्दा मात्र तुम्ही फार योग्य काढलात. पेंट शॉप प्रो या चित्रांच्या प्रोग्रामवर टॅग करणाऱ्या जुन्या मंडळींत एक चांगली पद्धत होती: टॅगच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि चित्र वापरायच्या परवान्याचा क्रमांक लिहायचा. आपल्याकडे नेटवरून उचललेल्या बाळकृष्णावर नाव टाकून पुढे पाठवायची सवय पडली आहे. भारतीय कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. त्यांच्या छापखान्यातल्या, म्हणजे आपल्या लोणावळ्याजवळच्या मळवलीहून निघालेल्या तसबिरींवर घरोघरी जर, टिकल्या, मणी चिकटवायचे, छापील लक्ष्मीला खरी साडी नेसवायचे. तयार चित्र घेऊन ते आपल्या हाताने सजवणं आपल्याकडे जुनंच आहे. हक्क मोकळा असावा किंवा परवानगी असावी आणि नाव लिहावं, एवढंच. माझ्या लेखातल्या बाळकृष्णाचा चित्रकार मी लिहिला नव्हता. ते चित्र मी काढून टाकलंय.

शिरोरेषेचं दुखणं मात्र आपलं, मराठी लिहिणाऱ्यांचं. बहुतेक पायऱ्या इंग्रजी अक्षरं समोर ठेवून लिहिलेल्या असतात आणि मीही त्या तपासून घेतल्या नाहीत. ‘अक्षरांमधलं अंतर वाढवा’ असं मी लिहिलं. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते चालतं. आपली अक्षरं शिरोरेषेने बांधलेली, अंतर वाढवलं की ती तुटते. तेव्हा अंतर शून्यच ठेवा आणि नाव रुंद हवं असेल तर मुळातच रुंद वळणाचा फाँट घ्या. एकटाइप या फाँट करणाऱ्या गटाचा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि जोडाक्षरं नीट बसतात. कमानीवर लिहितानाही तेच. बऱ्याच प्रोग्राममध्ये प्रत्येक अक्षर सरळच राहतं, फक्त फिरतं, त्यामुळे शिरोरेषेचे सरळ तुकडे एकमेकांना कोनात भेटतात. आधी नाव सरळ ओळीत लिहा, मग सगळा लेअर एकत्र वाकवा, गिंपमध्ये ‘कर्व्ह बेंड’ने. शिरोरेषा अखंड वळते. नावाला बाहेरून सोनेरी रेघ द्यायची असेल तर अक्षरांचं आधी चित्र करून घ्या, नाहीतर काही फाँटमध्ये दोन अक्षरं जुळतात तिथे शिरोरेषेच्या आत उभी रेघ दिसते.

पांढरी किनार आली ती तुम्ही चित्र जीआयएफ प्रकारची फाईल म्हणून साठवल्यामुळे. त्यात पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा अजिबात नाही, मधल्या पायऱ्या नाहीत. त्यामुळे सावलीचे अर्धपारदर्शक पिक्सेल पांढऱ्यात मिसळून पक्के झाले. पीएनजी प्रकारची फाईल करा. आणि माझा टॅग 600 पिक्सेल रुंद होता, तो फोनपुरता ठीक. चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे तो जेमतेम दोन इंच. बारशाच्या पाकिटावर सहा इंच हवा असेल तर सुरुवातच 1800 पिक्सेलने करा, मागाहून ताणून उपयोग होत नाही.

आईच्या रांगोळीचा मास्क आणि कोयरीचा ब्रश आज लेखाच्या शेवटी ठेवले आहेत, कुणीही वापरावेत. पण तुम्ही ते घेऊ नका असं माझं म्हणणं आहे. तुमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांची पॉझिटिव्ह अजून असतील. खिडकीच्या काचेवर धरून त्यातल्या एका वेलबुट्टीचा फोटो काढा आणि रंग उलटे करा, मास्क तयार. टॅग झाला की मला एक्ससीएफ, म्हणजे थर आणि मास्क तसेच ठेवणारी गिंपची, फाईलच पाठवा, पीएनजी नको. पीएनजीमध्ये मास्क उरत नाही, आणि मला तो पाहायचाय.