‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

देशपांडेसाहेब, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेच्या १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन निक्सन यांच्या माणसांनी ज्या लबाड्या केल्या, त्याच डेमोक्रॅट केनेडींनी १९६० मध्ये इलिनॉय राज्यात निक्सनविरुद्ध केल्या, वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात शिरणं ही किरकोळ घरफोडी, निक्सनच्या प्रचारासाठी राबणाऱ्या सेग्रेटीची पत्रं म्हणजे टवाळकी, आणि ४९ राज्यं जिंकणाऱ्या निक्सनना असल्या उचापतींची गरजच नव्हती.

इलिनॉयमधल्या शिकागोत घोळ झाले, मान्य. पण अध्यक्ष ठरतो तो राज्यवार मिळणाऱ्या प्रतिनिधी-मतांवर; त्यातली इलिनॉयची २७ वजा केली तरी केनेडींकडे २७६ उरतात. लागत होती २६९.

४९ राज्यं मिळाली ती नोव्हेंबर १९७२ मध्ये, समोर डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न असताना. वर्षाच्या सुरुवातीला निक्सनच्या गोटाला धास्ती होती ती डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतल्या मस्कींची. समोर कोण उभं राहणार, यातच हात घालायचा होता. फ्लोरिडाच्या प्राथमिक निवडणुकीआधी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) सेग्रेटीने मस्कींच्या लेटरहेडवर पत्रं वाटली. त्यांच्याच पक्षातल्या हम्फ्री आणि जॅक्सन यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे खोटे आरोप. दोघं बदनाम, वर पत्र लिहिल्याचं खापर मस्कींवर. सेग्रेटी साडेचार महिने तुरुंगात होता, तो बेकायदा प्रचारसाहित्य वाटल्याबद्दल. पत्रकामागचा खरा माणूस लपवणं हाच गुन्हा. आपल्याकडे पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव सक्तीचं असतं, ते उगाच नाही.

आता पैसा. ७ एप्रिल १९७२ पासून देणगीदारांची नावं उघड करणं बंधनकारक झालं, म्हणून निक्सनच्या प्रचार समितीला त्याआधी रोकड गोळा करायची घाई. टेक्सासचा पैसा मेक्सिकोतल्या एका वकिलामार्फत फिरवला. त्याचे ८९,००० डॉलरचे चार ड्राफ्ट आणि एका देणगीचा २५,००० चा चेक मायामीत बर्नार्ड बार्करच्या खात्यात जमा झाला. तिथून रोख. हा बार्कर म्हणजे वॉटरगेटमध्ये पकडलेल्या पाचांपैकी एक! माग लपवायला एवढा वळसा घेतला आणि शेवटी खातं वापरलं ते घरफोड्याचंच. पकडलेल्यांकडे शंभराच्या नोटा होत्या, ओळीने क्रमांक असलेल्या. मग बँकेपर्यंत पोचायला कितीसा वेळ?

आणि ‘किरकोळ घरफोडी’? मे महिन्यात हे घरफोडे एकदा आत शिरून फोनमध्ये मायक्रोफोन बसवून गेले होते. डेमोक्रॅटिक पक्षाध्यक्ष ओब्रायन यांच्या फोनमधला चालेना, म्हणून १७ जूनला पुन्हा. भुरटा चोर असल्या दुरुस्तीला परत येत नाही. दार कुलूपबंद होऊ नये म्हणून खटक्यावर टेप लावली तीही आडवी; दार बंद असतानाही बाहेरून दिसणारी. रखवालदार फ्रँक विल्सने ती काढून टाकली, तर यांनी पुन्हा लावली. दुसऱ्यांदा दिसल्यावर त्याने पोलिसांना फोन केला.