‘एकदा चार्ज करा, सहा महिने विसरा’: दाराच्या कॅमेऱ्याचा फॉरवर्ड तपासून पाहू

दाराला लावायच्या वायरलेस कॅमेऱ्याबद्दल एक फॉरवर्ड सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅमेरा एकदा चार्ज केला की सहा महिने बघायला नको. त्याआधी उतरला तर माल डुप्लिकेट समजा. बॅटरी पूर्ण संपू द्या, मगच चार्जिंगला लावा. मोबाइलचा फास्ट चार्जर वापरू नका, बॅटरी जळते. छोटं सोलर पॅनल लावलं की चार्जिंगची कटकटच मिटली. आणि तेही नको असेल तर जुन्या बेलच्या वायरा कॅमेऱ्याला जोडा, तो आपोआप चार्ज होत राहील.

यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तेच घेतो.

हा सल्ला अमेरिकेतला आहे आणि तिथे तो बरोबर आहे. तिकडच्या घरांत बेल ट्रान्सफॉर्मरवर चालते. बटणापर्यंत येणारी वीज साधारण 16 ते 24 व्होल्टची असते. बॅटरीवाल्या काही डोअरबेलच्या पाठीला दोन स्क्रू असतात ते त्यासाठीच. न्यू जर्सीतल्या तुमच्या मावसभावाने त्या वायरा जोडल्या तर त्याचं काम होईल. डोंबिवलीत तुमच्या दाराबाहेरच्या बेलच्या बटणात मात्र बहुधा थेट 230 व्होल्ट आहेत. ते त्या दोन स्क्रूंना दिले तर कॅमेरा जागच्या जागी जळेल. शिवाय पावसात भिजणाऱ्या भिंतीवर, पोरांच्या हाताला लागेल अशा उंचीवर, उघडा फेज आणून ठेवल्यासारखं होईल ते वेगळंच. वायर हवीच असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या व्होल्टेजचा ॲडॉप्टर घराच्या आत बसवायचा आणि त्याची कमी व्होल्टेजची वायर बाहेर काढायची. हे काम वायरमनचं आहे, यूट्यूब बघून करायचं नाही.

आता ते सहा महिने. खोक्यावर तसं छापलेलं असतं हे खरं, पण खाली बारीक अक्षरात दिवसाला किती वेळा रेकॉर्डिंग धरलं आहे तेही असतं. आपणच हिशेब करू. मध्यम कॅमेऱ्यात 5,200 एमएएचची बॅटरी असते. तिच्या 3.6 व्होल्टने गुणलं की जवळपास 18.7 वॉट-तास होतात. सहा महिने पुरवायचे तर रोज खर्चायला मिळतात जेमतेम 104 मिलिवॉट-तास.

असा कॅमेरा दिवसभर रेकॉर्डिंग करत नाही. तो झोपलेला असतो. जागा असतो फक्त उष्णतेची हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर, आणि वायफायचा धागा कसाबसा धरलेला असतो. या झोपेला 2 मिलिवॉट लागतात असं धरू, म्हणजे दिवसाचे 48 गेले. उरले 56. माणूस दिसला की कॅमेरा उठतो, चित्र घेतो, आवळून राउटरला पाठवतो. तेव्हा तो सव्वा वॉटच्या आसपास खातो. भागाकार केला की दिवसाला पावणेतीन मिनिटांची जाग मिळते. 15 सेकंदांची एक क्लिप धरली तर जेमतेम 11 क्लिपा.

अकरा! फ्लॅटच्या पॅसेजमध्ये हा कोटा सकाळी आठच्या आतच संपतो. दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणारे, शेजारच्यांच्या मावशी, शाळेची पोरं, समोरचे काका फिरायला जाताना आणि परत येताना. दार लिफ्टसमोर असेल तर विचारूच नका. दिवसाला 60 वेळा जाग आली तर हीच बॅटरी दोन महिन्यांच्या आत बसते, आणि क्लिपची लांबी 30 सेकंद ठेवलीत तर महिनाभरात. रस्त्याच्या आत, अंगण सोडून असलेल्या बंगल्याच्या दाराला हाच कॅमेरा खरोखर सहा महिने जाईल. माल तोच, दार वेगळं.

त्यामुळे ‘लवकर उतरला म्हणजे डुप्लिकेट’ हा निकाल दुकानदारावर अन्याय करणारा आहे. डुप्लिकेट बॅटऱ्या मिळतात, नाही असं नाही. सुट्या विकल्या जाणाऱ्या 18650 नावाच्या नळकांडीसारख्या लिथियम सेलवर 9,900 एमएएच छापलेलं दिसलं तर ते सरळ खोटं, कारण त्या आकाराचे चांगले सेलसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. पण कॅमेरा नव्या खोक्यातला, नीट कंपनीचा असेल तर आधी वायफाय बघा. राउटर हॉलच्या त्या टोकाला, मध्ये आरसीसीची भिंत आणि लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर तीच क्लिप पाठवायला कॅमेऱ्याला दुप्पट वेळ झगडावं लागतं. वीज गेली आणि राउटर बंद पडला की बरेच कॅमेरे नेटवर्क शोधत बसतात, त्यातही बॅटरी जाते. ज्या गावात रोज दोन-तीन तास वीज नसते तिथे राउटरला छोटा यूपीएस दिला तर कॅमेऱ्याचीही बॅटरी वाचते. आणि घरातली मंडळी ऑफिसात बसून दर तासाला लाइव्ह उघडून बघत असतील, तर ती मिनिटं आपल्या पावणेतीनातूनच वजा होतात.

बॅटरी पूर्ण संपू द्यायचा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. लिथियम-आयनला उलट खोल उतरणंच सोसत नाही. 20–25 टक्क्यांवर आली की लावावी. एवढं पुरे.

फास्ट चार्जरची भीतीही अशीच. चार्जर करंट ढकलत नाही, कॅमेरा हवा तेवढाच ओढतो. आणि फास्ट चार्जर समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय 5 व्होल्टच्या वर जात नाही. खरी गंमत वेगळीच असते. चार्जर चांगला, केबल नवी, तरी कॅमेऱ्याचा दिवा लागतच नाही, आणि लोक म्हणतात, ‘बघा, फास्ट चार्जरने जाळला.’ दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर आधी समोर कोण आहे ते विचारतो. स्वस्त कॅमेऱ्यांत त्याचं उत्तर देणारे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. मग चार्जर गप्प बसतो. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावा, दिवा लागतो.

सोलरच्या बाबतीत फॉरवर्ड अर्धा खरा आहे. नाशिकच्या रो-हाऊसच्या दाराला दक्षिणेचं ऊन येत असेल तर 3 वॉटचं पॅनल तासाभरात कॅमेऱ्याची निदान चार-पाच दिवसांची सोय करतं. लोक पावसाळ्याला घाबरतात, पण उघड्या आकाशाखाली ढगाळ दिवसातही गरज बहुतेक वेळा भागते, कारण गरजच लहान आहे. मारतो तो छज्जा. पॅनल छज्जाखाली, ग्रिलच्या आत किंवा उत्तरेच्या बाल्कनीत गेलं की ते शोभेचं. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये तर प्रश्नच मिटला: ट्यूबलाइटचा प्रकाश दुपारच्या उन्हाच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नसतो.

उन्हाचंही एक आहे. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरचा काळा कॅमेरा हाताला चटका देतो. सेलचं तापमान 45 अंशांच्या वर गेलं की संरक्षक सर्किट सहसा चार्जिंग थांबवतं, म्हणजे ऊन सर्वांत जास्त तेव्हाच पॅनल बेकार. त्याच वेळी हवाही माणसाच्या अंगाइतकी तापलेली असते, त्यामुळे पीआयआरला माणूस आणि भिंत यांतला फरक नीट कळत नाही. मे महिन्यात बॅटरी जास्त टिकली म्हणून खूश होण्याआधी दुपारी आलेल्या कुरिअरची क्लिप आहे का ते तपासा. टोरांटोत हिवाळ्यात याच्या उलट अडचण: शून्याखाली लिथियम-आयन चार्ज करायची नसते, म्हणून तिथले कॅमेरे पॅनल असूनही चार्ज व्हायचं नाकारतात.

फॉरवर्डने न विचारलेला एक प्रश्न दुकानात जरूर विचारा: बॅटरी निघते का? निघत असेल तर जास्तीचा एक पॅक घ्या, अर्ध्या मिनिटात बदलून होतो. आतच बसवलेली असेल तर दर वेळी अख्खा कॅमेरा भिंतीवरून उतरवून पाच-सहा तास चार्जिंगला ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ दारावर कोणी नसतं. अशा कॅमेऱ्याला रात्री झोपताना चार्जिंगला लावू नका. सगळे घरात जागे असतील अशी रविवार दुपार बरी.