अंदाजाची बातमी वाचताना आधी तारीख बघा

"यंदा महागाई चार टक्के राहणार" अशी बातमी आली की कोल्हापुरात शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्यापासून गुजरीतल्या सराफापर्यंत सगळे तोच आकडा धरून बोलायला लागतात. अंदाज छापायचा आणि त्याची तारीख, त्यामागची गृहीतकं, चुकायची शक्यता मात्र गाळायची, ही वाचकाची दिशाभूल आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२५-२६ चंच घ्या. रिझर्व्ह बँकेने किरकोळ महागाईचा अंदाज एप्रिलमध्ये ४ टक्के दिला. जूनमध्ये तो ३.७ झाला, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६ आणि डिसेंबरमध्ये २. आठ महिन्यांत निम्मा! यात बँकेचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. भाज्या-डाळी उतरल्या, तसा अंदाज उतरला. तिच्या पतधोरण अहवालात पंख्यासारखा आलेख असतो, पुढच्या तिमाहींकडे जाल तसा पट्टा रुंद होत जातो, म्हणजे चुकायची शक्यता वाढत जाते. बातमीत त्यातली मधली रेघ तेवढी येते.

झालेल्या वर्षाचा आकडा तरी पक्का असेल? तोही नाही. २०२३-२४ चा देशाचा विकासदर सरकारने जानेवारी २०२४ मध्ये ७.३ टक्के सांगितला, मेअखेर ८.२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९.२.

आपल्या ऊसपट्ट्यात तर साखरेच्या अंदाजाकडे फार बारकाईने बघायला पाहिजे. एक आकडा इथेनॉलकडे वळणारी साखर धरून असतो, तो ढोबळ; दुसरा ती वजा करून, तो निव्वळ. बातमीत दोन्हींना नाव एकच, 'साखर उत्पादन'. गेल्या हंगामाचा निव्वळ आकडा यंदाच्या ढोबळ आकड्याशेजारी ठेवला, की शेतात एक कांडं जास्त नसताना लाखो टनांची वाढ दिसते. शिवाय धोरण बदललं की सगळंच फिरतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली (आठवडाभरात थोडी सैलही केली), तेव्हा गाळप ऐन भरात होतं. ऊस तोच, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) तोच, पण निव्वळ साखरेचे हिशेब नव्याने मांडावे लागले.

म्हणून गूळ-साखरेचा माल भरून ठेवायचा असो की कर्ज काढायचं असो, आधी बघा: आकडा कुणाचा, कोणत्या महिन्यातला, ढोबळ की निव्वळ, आणि त्याच संस्थेचा आधीचा अंदाज काय होता. पत्रकार मित्रांनाही कळकळीची विनंती, तो आधीचा अंदाज नव्या आकड्याशेजारीच छापा.